सावलीतले रोप उन्हात नेताना
(खडकी, पुणे येथील कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू गावांत आम्ही बैठका घेतो, तेव्हा भाव, वीज, कर्ज हे विषय झाले की मागे बसलेला एखादा पोरगा हमखास विचारतो, "साहेब, कापसात काही राहत नाही. गांजा लावला तर?" सगळे हसतात. आम्ही हसत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची रीतसर परवानगी मागितली. कोणत्याही पिकाला खात्रीचा भाव नाही, उत्पादनखर्चही निघत नाही, हे त्याचे कारण होते. तो अर्ज गांजाचा नव्हता, भावाचा होता.

तरी त्या पोराला उत्तर दिले पाहिजे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ प्रमाणे परवानगीवाचून गांजाचे झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तूर-कापसाच्या तासात लपवून लावलेल्या चार झाडांपायी घर उद्ध्वस्त होते. धागा आणि बी यांसाठी सरकार परवानगी देऊ शकते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. उत्तराखंडाने ती वापरली, तिथे नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असावे लागते. आपल्याकडे कोणी बियाणे विकायला आला आणि "परवानगीचे आम्ही बघतो" म्हणाला, तर आधी कागद मागा.

पण एक इतिहास ठाऊक असू द्या. इंग्रजी अमलात बंगालमधल्या नौगाव भागात, आजच्या बांगलादेशात, परवान्याने गांजा पिकत असे. तिथले शेतकरी ऑगस्टच्या सुमारास रोपवाटिका टाकत आणि सप्टेंबरात रोपे शेतात लावत. १९१७ साली त्यांनी आपली सहकारी संस्था काढली. दलालाच्या हातातला माल संस्थेच्या हातात आला. त्या पैशातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. पीक कोणते होते यापेक्षा विक्री कोणाच्या हाती होती, हे त्यातून शिकायचे.

आणखी एक गोष्ट शिकायची, ती रोपाची. थंड मुलखात हेच झाड घरात, दिव्याखाली वाढवतात आणि ऊब आली की बाहेर लावतात. ते एकदम बाहेर काढले तर मरते. सवय लावून काढले तर जगते. आपल्या कपाशीच्या रोपालाही हाच नियम आहे, आणि आपला पैसा तिथे बुडतो आहे.

हिशेब करा. चार फूट बाय दीड फूट अंतरावर एकरी ७,२६० झाडे बसतात. पावसाने ताण दिला, वाणी किड्याने कोंब खाल्ले, दहावा हिस्सा उगवला नाही, तर ७२६ ठिकाणी नांग्या पडल्या. खत, निंदणी, डवरणी मात्र पूर्ण एकराची. आपण काय करतो? पुन्हा पाकीट आणतो आणि बी टोबतो. २०२५ च्या हंगामात बीटी कापसाच्या एका पाकिटाचा सरकारने ठरवलेला कमाल भाव ९०१ रुपये होता. शिवाय मागून टोबलेले झाड पुढच्या झाडांच्या सावलीत दबते. बोंडे धरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते.

याला उपाय जुनाच आहे. शेतात पेरणी होईल त्याच दिवशी थोडे बी पिशव्यांत लावा. पिशवी सहा इंच उंच, चार इंच रुंद, बुडाला भोके पाडलेली. माती, चाळलेले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरा. पिशवीत दोन बिया टाका, उगवल्यावर जोमदार रोप ठेवा, दुसरे कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळे हलतात. पंधरा ते वीस दिवसांत, चांगली ओल झाल्यावर, नांग्या भरा. त्यापुढे उशीर करू नका. कपाशीचे सोटमूळ सरळ खाली धावते. पिशवीच्या बुडाला लागले की वळते, आणि वळलेले मूळ काळ्या रानात खोल जात नाही.

आता मुख्य मुद्दा. पिशव्या पहिल्यापासून उघड्यावर असतील तर रोप आपोआप कणखर होते. पण कोंबड्या, शेळ्या, धोधो पाऊस यांच्या भीतीने आपण त्या पडवीत ठेवतो. नर्सरीवाला हिरव्या जाळीखाली ठेवतो. तिथले रोप दिसायला छान, उंच, लुसलुशीत. पण ते उजेडाकडे ताणून उंच झालेले असते. पान पातळ, पानावरचा मेणाचा थर नाजूक, खोड लवचीक. वारा त्याने पाहिलेलाच नसतो. असे रोप भर उन्हात गेले की पानातून पाणी जेवढे उडते, तेवढे मूळ ओढू शकत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि तरी चुकलो. एका वर्षी गटासाठी चारशे रोपे आणली. टेम्पो उघडा, वेळ दुपारची, वाऱ्याने पाने फडफडत गावात आली. पाऊस उघडला होता, मजूर मिळाले होते, म्हणून त्याच दिवशी लावली. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे. गावात बोंब झाली, रोग आला. आम्हीही बुरशीनाशक फवारायला सांगितले. रोग नव्हताच, ऊन लागले होते. रोपे गेली, औषधाचे पैसे गेले, आणि त्या गावात आमचा शब्दही काही दिवस गेला. पदवी आमची, पैसा शेतकऱ्याचा. म्हणून हे सांगतो आहोत.

सवय लावायला एक आठवडा पुरतो. पहिले दोन दिवस सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन, मग झाडाच्या सावलीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी अकरा-बारापर्यंत. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारचे ऊनही, पण पान मलूल झाले तर मागे घ्या. सातव्या दिवशी दिवसरात्र उघड्यावर. या आठवड्यात पाणी थोडे कमी करा, बंद नको. युरिया देऊ नका, त्याने रोप पुन्हा लुसलुशीत होते. लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. पिशवी फाडा, पण मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावा, बाजूची माती हाताने दाबा, तांब्याभर पाणी द्या. रासायनिक खत मुळाला लागू देऊ नका.

ज्वारीचे काय, असे विचाराल. ज्वारी आपण पेरतोच, ती पेरावी. पण आफ्रिकेत, कॅमेरूनच्या उत्तर भागात, आपल्यासारख्याच काळ्या चिकण जमिनीत मुस्कवारी नावाची ज्वारी आहे. तिथले शेतकरी पावसाळ्यात रोप तयार करतात, पाऊस सरता सरता जड खुंट्याने भोक पाडून, त्यात पाणी ओतून रोप लावतात, आणि पीक साठलेल्या ओलीवर येते. कोरडवाहू माणूस जगात कुठेही अडाणी नाही.

आणि आज आपण बसलो आहोत तिथून मुळेपलीकडे दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पतिबाग निघाली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख होते. परदेशी झाडांना इथल्या हवेची सवय लावून पाहणे हे अशा बागांचे काम असे. साहेबाच्या झाडाला सवय लावायला सरकारजवळ वेळ होता.

शेतकऱ्यासाठी तो वेळ नसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर, आयातीवरचे अकरा टक्के शुल्क एका आदेशाने उठवले, आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. बाजाराच्या उन्हाला आम्ही भीत नाही, खुला बाजार ही आमचीच मागणी आहे. पण बियाण्यावर बंदी, तंत्रज्ञानावर बंदी, भाव चढला की निर्यातीवर नजर, आणि भाव पडायच्या वेळी दारे उघडी, याला खुलेपणा म्हणत नाहीत. मुळे बांधून ठेवायची आणि रोप उन्हात फेकायचे, हा तो प्रकार आहे.

तेव्हा दोन कामे घेऊन जा. येत्या पेरणीला प्रत्येक गावात किमान पाच घरांनी एकरामागे पाचशे पिशव्या भरायच्या, किती लावल्या आणि किती जगल्या हे वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणायचे. आणि गावसभेत ठराव घ्यायचा, की आयात शुल्काचा निर्णय पेरणीआधी जाहीर व्हावा, वेचणीच्या तोंडावर नव्हे. मागे बसलेल्या त्या पोराला पहिली वही द्या.