जुन्या शब्दाचे जुने रूप

एका जुन्या स्वीडिश पुस्तकात गहू या अर्थाचा 'वेते' हा शब्द आरंभी 'एच' घालून छापलेला माझ्या पाहण्यात आला. शिक्षकी सुटली तरी हाताची खोड सुटत नाही. मुद्रणदोष समजून मी तो 'एच' पेन्सिलीने खोडला. पुढे चौकशी करता ओशाळलो. 'व्ही'पूर्वीचा हा मूक 'एच' स्वीडनच्या शाळांतून १९०६ साली रद्द झाला. रद्द करणारे मंत्री फ्रिट्यूव बेर्ग हे स्वतः पूर्वी शिक्षकच होते. माझे पुस्तक त्याआधीचे. इंग्रजी 'व्हीट'मध्ये तर तोच 'एच' जागा बदलून अद्याप टिकून आहे.

तात्पर्य, शब्दाची शहानिशा करावयाची तर आधी छपाईचे साल पाहावे, मग कोश. स्वीडिश अकादमीच्या बृहत्कोशाचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि काम २०२३ साली पुरे झाले. त्यात १५२१ पासूनचे प्रयोग सालवार दिले आहेत.

आपल्याकडेही १९६२ च्या नियमांनी 'नांव' या शब्दावरील अनुस्वार गेला. म्हणून आपले वडील अशुद्ध लिहीत होते, असे का म्हणावयाचे? तो खोडलेला 'एच' मी पुन्हा जागेवर लिहून ठेवला आहे.