दावणीची ठेव आणि गटाची पेटी



मराठवाड्यातील कोरडवाहू खेड्यात गरीब घराची पुंजी कोठे असते हे पाहावयाचे असेल तर परसात डोकवावे. तेथे खुंटीला एक-दोन काळ्या शेळ्या बांधलेल्या असतात आणि कुडाच्या कडेने चार कोंबड्या माती उकरीत असतात. जमिनीचा उतारा पुरुषाच्या नावे असेल. परंतु शेळ्यांची राखण बहुधा गृहिणीच्याच माथी असते, आणि मुलाची वह्यापुस्तके, औषधाची बाटली, लेकीची बोळवण हे खर्च त्यांच्यावरच भागतात.

उस्मानाबादी ही या भागाची शेळी. ज्या जिल्ह्यावरून तिचे नाव पडले तो १९४८ पावेतो निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली जिल्हा धाराशिव झाला. शेळीचे नाव मात्र जुनेच राहिले! रंगाने बहुधा काळी, उन्हाला आणि अर्ध्या पोटाला सोशीक. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी ती विते, निगा चांगली असल्यास दोन वर्षांत तीन वेते देते, आणि जुळी करडे होणे तिच्या बाबतीत नवलाचे नाही. १९७२ च्या दुष्काळात वैरणीवाचून गुराढोरांचे जे हाल झाले ते वृद्धांच्या स्मरणात असतील. शेळी अशा दिवसांतही बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला ओरबाडून तग धरते.

मग एवढी गुणाची ठेव दाराशी असताना ती घरे वर का येत नाहीत? कारण शेळी विकली जाते ती घराच्या सोयीने नव्हे, संकटाच्या सोयीने. मूल तापाने फणफणले की व्यापारी दारात उभा राहतो. त्याला गरज कळते आणि तो भाव पाडतो. अशा वेळी गाभण शेळीही जाते, वाढती पाटही जाते. आजार निभावतो, पण दावण मोडते, आणि पुन्हा एक करडू विकत घेण्यापासून आरंभ करावा लागतो.

बचत गटाच्या पेटीचे खरे काम येथे आहे. पंधरा जणींनी दरमहा १०० रुपये टाकले तर वर्षाला १८,००० रुपये होतात. रक्कम लहान खरी. परंतु दवाखान्यासाठी दोन हजार त्याच संध्याकाळी मिळाले, तर शेळी विण्यापर्यंत थांबता येते आणि बोकड ईदेच्या चढ्या भावापर्यंत राखता येतो. खेड्यांतून भिशी पूर्वीपासून होतीच. पण भिशीत पैसा पाळीने किंवा चिठ्ठीने मिळतो, आणि आजार काही पाळीची वाट पाहत नाही. गटाची पेटी गरजेला उघडते. कर्नाटकात १९८०-९० च्या दशकात असे लहान गट आकारास आले, आणि १९९२ साली नाबार्डने ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. नेमाने बैठक, नेमाने बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, एवढ्यावर तो उभा आहे.

मात्र गटाच्या नावाखाली केवळ कर्ज वाटले म्हणजे गट होत नाही. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात खासगी सूक्ष्मकर्ज कंपन्यांनी बायकांना एकावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे कर्ज दिले. वसुलीच्या जाचाने आत्महत्या घडल्याचा बोभाटा झाला, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. आधी स्वतःची बचत, मग कर्ज, हा क्रम उलटला की पेटी जाऊन पाश उरतो.

चालती ठेव एका आठवड्यात मरूही शकते, हेही विसरता कामा नये. पीपीआर हा रोग भारतात १९८७ साली तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला. तो कळपात शिरला की दावणी ओस पडतात. त्याच्या एका लशीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. पीपीआरच्या एका कुपीत अनेक जनावरांची मात्रा असते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. दोन शेळ्यांच्या घराने ती आणावी कशी? पंधरा घरांच्या शेळ्या एके सकाळी एका झाडाखाली जमल्या तर कुपी वाया जात नाही. बोकडाचेही तेच. वीस-पंचवीस शेळ्यांना एक चांगला बोकड पुरतो; एकट्या घराला तो पोसवत नाही, गटाला पोसवतो. फक्त त्याच्या लेकी माजावर येण्यापूर्वी तो बदलावा, नाही तर पुढची पिढी खुरटते. पुष्कळ गट नेमके हेच विसरतात.

येथे एक अवघड गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. या व्यवसायाची मिळकत मुख्यतः बोकडाच्या विक्रीची, आणि तो बोकड शेवटी खाटकाकडेच जातो. ज्यांच्या घरी मांस वर्ज्य आहे अशा भाविकांना हे ऐकणे रुचणार नाही. त्यांनी आपला नेम आपल्या ताटापुरता अवश्य पाळावा. परक्याच्या दावणीवर तो लादू नये. ज्यांना या व्यवहाराला हात लावावयाचा नसेल त्यांना दुसरे काम मोकळे आहे. पुष्कळ गट मोडतात ते पैशाअभावी नव्हे, वहीअभावी. महिन्यातून एक दुपार गावी जाऊन जमा-खर्च लिहावयास शिकविणारा माणूस गटाला हवाच असतो.

आणि एक तराजू. व्यापारी बोकड हाताने चाचपून अंदाजाने भाव ठरवितो, आणि तो अंदाज विकणारीच्या बाजूने सहसा चुकत नाही. गटाने एक टांगता वजनकाटा घेतला, विक्रीपूर्वी बोकड त्याला लावला आणि किलोचा भाव मागितला, तर घासाघीस वजनावर होते, अडचणीवर होत नाही.