न मिटणारा डोळा



दिवा डोळ्यांवर आला की आम्ही पापण्या मिटतो. सापाला ती सोयच नाही. पापणीऐवजी त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. युरोप-अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. तो निशाचर, दिवस बिळात काढतो. तीव्र प्रकाशात त्याची बाहुली आकसून उभी चीर होते, एवढाच बचाव. शौकिनांच्या आवडत्या पांढऱ्या-पिवळ्या वाणात तर डोळ्यांतले काळे रंगद्रव्यही नसते. त्याला प्रकाश अधिकच बोचतो. आणि आम्ही मात्र काचेच्या पेटीवर झगझगीत दिवा लावून त्याचे रूप न्याहाळतो! त्याला ऊब हवी, पण ती उजेडाशिवायही देता येते. दडायला अंधारी जागा मात्र हवीच. डोळा मिटणे त्याच्या हाती नाही. दिवा मालवणे आमच्या हाती आहे.