भंडाऱ्यावरचे चार दिवस
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

दिंडीचा इतिहास जाणत्यांनी सांगितला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, आमचं एक सांगतो.

2016 साल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साल. सोयाबीन गेलं, तूर गेली, कर्जाची नोटीस आली. कीर्तनात लोकांना समाधान सांगायचं आन रात्री बाजेवर तळमळत पडायचं. वाटलं, तुकोबाराय बसले तिथं जावं. घरचीला म्हणालो, "चार दिवस एकांत पाहिजे." ती म्हणाली, "जावा." एवढंच.

लातूरहून रात्रीची रेल्वे, पुण्यातून देहूरोड, मग देहू आन पुढं भंडारा डोंगर. वर वारा मोकळा. दोन दिवस खरंच बरं वाटलं, कितीतरी महिन्यांनी झोप लागली. महाराजांनीही 1630 चा दुष्काळ सोसला. पहिली बायको गेली, लेकरू गेलं. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. आमचं उलटं, आमचे कागद दुसऱ्याच्या कपाटात! ते कसे बुडवावेत? हसू नका, तवा खरंच हा इचार आला होता.

तिसऱ्या दिवशी चढताना पायात काटा मोडला. काढायला बसलो तर जिजाई आठवल्या. त्या भाकरी घेऊन हाच डोंगर चढायच्या. त्यांच्या पायातला काटा पांडुरंगानं काढला, हे आख्यान आम्ही तीस वर्षं सांगतो, लोकं रडतात. पर दुष्काळात त्या भाकरीचं पीठ त्या माउलीनं कुठून आणलं असंल, हे आम्ही एकदाबी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी फोन लावला. घरची म्हणाली, "टँकर रात्री दोनला येतो. ढवळ्या कडबा खाईना झालाय." तक्रार न्हाई, नुसतं सांगितलं. चौथ्या दिवशी काकडा करून खाली उतरलो.

घरी आलो त्या रात्री टँकरला आम्ही गेलो, ती झोपली. कर्ज तसंच होतं, फिटायला पुढं तीन वर्षं लागली. पर घागरींच्या रांगेत बसून हरिपाठ म्हणताना मन जेवढं निवांत झालं, तेवढं डोंगरावर झालं नव्हतं.

त्या साली पाऊस पडला. पेरणी उरकून बैल थोरल्याकडं ठेवले आन आषाढीला घरची पहिल्यांदा या दिंडीत चालली. तुळस तिच्या डोईवर होती.