दारू सोडवणाराही शिकलेला हवा
(विहाराच्या वर्धापनदिनी आगर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाचवे शील आपण सगळेच घेतो. ते घेऊनही संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळणारी माणसं आपल्यातच आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही गिरणीत काम करणारी माणसं. पगाराच्या दिवशी गेटबाहेर बायका का उभ्या राहतात ते आम्ही बघत आलो आहोत. डहाणू-तलासरीत ताडी आहे, मोहाची आहे, देशी आहे. ती मिळते कुठून यावर पुष्कळ बोलून झालं. आज बोलायचं ते सोडवणार कोण यावर.

आपल्याकडे रीत काय? चार वडीलधारी माणसं पिणाऱ्याला बसवतात, शपथ घालतात, उद्यापासून बंद म्हणतात. हेतू चांगला. पण वर्षानुवर्षे सकाळपासून पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात. मग लोक म्हणतात, बाहेरचं लागलं, भगताकडे न्या. वास्तविक हा शरीराचा आजार असतो आणि त्यात माणूस दगावतोसुद्धा. त्याला इस्पितळात दाखल करून फिट आवरणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं.

दुसरी रीत जेवणात गुपचूप पावडर कालवण्याची. भगिनींनो, हे करू नका. त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्याली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

बरं, दारू सुटली तरी निम्मं काम राहतंच. एखाद्याला रात्र-रात्र झोप नसते म्हणून पितो, एखाद्याच्या मनात जगूच नये असं येतं म्हणून पितो. तर कुणाचं मन पिऊन-पिऊनच खचतं. दोन दोऱ्यांचा गुंता आहे, एकच ओढला तर दुसरा आवळतो. पण गरीब माणसाला दोन दारं फिरावी लागतात. एकीकडे सांगतात, आधी दारू सोडून या. दुसरीकडे सांगतात, याचं डोकं ठिकाणावर नाही, आम्ही ठेवत नाही. एसटीचं भाडं मात्र दोन्हीकडे त्याच बाईनं भरायचं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही मानसिक आजारांतच धरलेले आहेत. कायदा एक झाला, पण दारं अजून दोनच.

हे एकत्र करता येतं, हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता स्वतः तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत केली. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच शिकून पुढे समुपदेशक झाली, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालला. गिरणीत जुना जॉबर नव्याला साच्यावर शिकवतो, तशीच ही गोष्ट.

दुसरं उदाहरण गोव्याचं. ‘संगाथ’ संस्थेने साध्या शिकलेल्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. दारूवरही तेच बोलायचे, उदासीनतेच्या आजारावरही तेच. ३७७ पुरुषांवर घेतलेली दारूची चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यात शंभरातले ३६ धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, बाकीच्यांत २६. फरक दहाचाच, पण दहा घरं म्हणजे एक आळी झाली. हे पुरते बुडालेले लोक नव्हते, घसरणीला लागलेले होते. पुरत्या बुडालेल्याला डॉक्टर लागतोच, आणि त्याला वेळेत ओळखून तिथवर नेणारा माणूसही लागतो.

कारण २०१९ च्या केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ अशाच वस्त्यांत आहेत.

म्हणून आमची मागणी अशी की विहार समितीने या वर्षी एक मुलगा आणि एक मुलगी निवडून अशा प्रशिक्षणाला पाठवावी. मुक्तांगणात कार्यकर्त्यांना शिकवतात. न रागावता विचारायचं कसं, फिटचा धोका ओळखायचा कसा, आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारायचं कसं, आणि सुटलेला पुन्हा प्यायला तर त्याच्या दारी पुन्हा जायचं कसं, हे शिकावं लागतं. नुसत्या कळवळ्यानं येत नाही. जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतून निघेल, मंडपावर एक वर्ष कमी उधळू.

तोवर दोन नंबर लिहून घ्या. मनाच्या त्रासासाठी १४४१६, व्यसनासाठी १४४४६. दोन्ही सरकारी आणि फुकट आहेत. विहाराच्या फळ्यावर वर्गणीच्या यादीखाली जागा आहे, तिथे ते रंगवून घेऊ. ज्यांना मुला-मुलींची नावं द्यायची आहेत त्यांनी खीरदान झाल्यावर आम्हाला भेटावं.

जयभीम.