मागांची खंडेनवमी

खंडेनवमीस सोलापुरांतील विणकरांच्या कारखान्यांत मागांचा खडखडाट थांबतो. एका छपराखालीं मराठी व तेलुगू बोलणारे कामगार राबतात. म्हणून तेथील पूजा कोणा एकाची नसते. मागावर सांचलेली कापसाची धूळ झाडणें, त्यास तेल देणें, हळदकुंकू वाहून झेंडू बांधणें, एवढेंच मुळांत तिचें स्वरूप. आधीं झाडणें व मग दिवा, हा क्रम कोणीं बदलूं नये. त्या धुळीला एक ठिणगी पुरते.

सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यांत २०१८ सालीं बंदी आली. पण चादरीच्या कारखान्याला मखर हवेंच कशाला? रंगीत सुताचे तुटके धागे तेथें पायांखालीं लोळत असतात. त्यांचें तोरण वळावें, पूजेनंतर झटकून पेटींत ठेवावें, पुढल्या वर्षीं पुन्हां चढवावें. तेलुगू भगिनींची बतुकम्मा पाहावी: तरवड-झेंडूच्या फुलांची ती रास पाण्यांत सोडली तरी तींत न कुजणारें कांहींच नसतें.

आपट्याची गोष्ट मात्र अवघड. बाजारांत त्याच्या नांवानें पुष्कळदां कांचनच विकला जातो, तें असो. परंतु शंभर जणांनीं शंभर जणांस पानें द्यावयाचीं म्हणजे झाड बोडकें व्हावयाचें. सर्वांच्या वतीनें एकच डहाळी मागापुढें ठेवावी आणि एकमेकांस नुसते हात जोडावेत.