पऱ्हाटी जाळायची आणि शेणखत विकायचे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांच्या बैठकीत आज आम्ही द्राक्षबागेची गोष्ट सांगणार आहोत. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे द्राक्षाचा एक वेलही नसेल. तरी विषय आपलाच आहे. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांना लागणारे सगळे शेणखत त्यांच्याच गोठ्यांत तयार होत नाही. उन्हाळा आला की कोरडवाहू गावांच्या उकिरड्यांवर ट्रॉल्या भरतात आणि बागायती पट्ट्याकडे निघतात. द्राक्षवाला पैसे मोजून नेतो ते नेमके काय, आणि आपण विकतो ते काय, याचा हिशेब आज करायचा आहे.

बागाईतदार खत का घेतो?

द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीआधी बागाईतदार ओळीलगत चारी काढतो, तीत कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट टाकतो आणि मातीने झाकतो.

वेल एकाच जागी वर्षानुवर्षे उभा असतो. त्याच्या मुळाशी नांगर घालता येत नाही. फवारणीच्या ट्रॅक्टरने दोन ओळींमधली जमीन दडपते. कंपोस्ट पडले की मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात, हवा खेळते आणि अन्नपाणी शोषणारी पांढरी मुळी फुटते. दुसरे कारण चुनखडीचे. चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कुजताना जी आम्ले तयार होतात ती लोह-जस्ताला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात.

पण बागाईतदार खत हिशेबाने घालतो. पुढच्या हंगामाचा घड एप्रिल छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच काडीच्या डोळ्यात ठरतो. त्या वेळी नत्र जास्त झाले तर वेल नुसता माजतो आणि डोळा वांझ राहतो. म्हणून त्याला कच्चे शेण नको असते, पुरते कुजलेले खत हवे असते.

ट्रॉलीत काय जाते?

आता आपला हिशेब. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद पाव टक्क्याहून थोडे कमी आणि पालाश अर्धा टक्का धरतात. ३ टनांची एक ट्रॉली गेली म्हणजे सुमारे १५ किलो नत्र, ६ ते ७ किलो स्फुरद आणि १५ किलो पालाश गेले. म्हणजेच ३३ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५ किलो पोटॅश. आपापल्या बाजारचा भाव घालून प्रत्येकाने गुणाकार करावा.

हा गुणाकार केल्यावर कोणी म्हणेल, युरिया तर स्वस्त आहे, खत विकून पोते आणू. इथेच गफलत होते. युरियाचा भाव सरकारने बांधलेला आहे आणि त्यावर अनुदान आहे. त्या भावाने मोजले की शेणखत कवडीमोल दिसते. पोत्यात नत्र येते, पण सेंद्रिय कर्ब येत नाही. आपल्या कोरडवाहू जमिनींत तो बऱ्याच ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. बागाईतदाराकडे ठिबक आहे, पाण्याची चूक तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू शकतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस दडला तर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक तगते. ज्याला खताची जास्त गरज, तोच ते विकतो आहे!

धुऱ्यावरचा धूर

दुसरीकडे उलंगवाडी झाली की आपण पऱ्हाटी उपटतो आणि पेटवतो. कोरडवाहू कपाशीची पऱ्हाटी एकरी साधारण टनभर निघते. जाळली की कर्ब आणि नत्र धुरात जाते, हाती मूठभर राख उरते.

या पऱ्हाटीचे काय करावे, हा प्रश्न जुना आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला काळ्या कपाशीच्या जमिनीवर काम करीत होते. त्यांनी पऱ्हाटी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली, गुरांखाली अंथरली, मूत्राने भिजू दिली आणि मग खड्ड्यात कुजवली. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेलेले कंपोस्ट ते हेच. त्यावरचे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली लिहिले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप टाकी दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीला हवेसाठी भोके. तीत सुमारे १४०० किलो काडीकचरा, १७५० किलो कोरडी माती, दीड-दोन हजार लिटर पाणी आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. गोठा रिकामा झालेल्या घरालाही जमेल असे हे गणित आहे. एका टाकीतून सुमारे ३ टन खत निघते. कोरडवाहू कपाशीला शिफारस हेक्टरी ५ टनांची, म्हणजे एकरी २ टन. दीड एकराची पऱ्हाटी, दीड एकराचे खत.

तीन गोष्टी मात्र पाळा. पऱ्हाटी टणक असते, बारीक तुकडे केल्याशिवाय कुजत नाही. न कुजलेली पऱ्हाटी जमिनीत गाडली तर ती कुजवणारे जीवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. टाकी जानेवारीतच भरा. तेव्हा विहिरीला पाणी असते आणि पावसापर्यंत पाच महिने मिळतात. तिसरी गोष्ट बोंडअळीची. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते सर्वांनी भोगले. उरलेल्या बोंडांत ती अळी सुप्त पडून राहते. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. आधी शेतात शेळ्यामेंढ्या चारा, मग लगेच तुकडे करून टाकी भरा.

आणि भावाचे काय?

कोणी पुढारी येऊन सांगेल, कंपोस्ट करा, खर्च वाचवा, मग भाव मागायची गरज काय? त्याला विचारा, पऱ्हाटी तोडायची, माती चाळायची, टाकी भरायची मजुरी कोण देणार? खत फुकट होत नाही. ते कापसाच्या उत्पादन खर्चात धरलेच पाहिजे. द्राक्षवाला ट्रॉली विकत घेऊ शकतो, कारण बाग पिकली तर एकरी पैसा तेवढा येतो. आपण विकतो, कारण मे महिन्यात बियाण्याला रोकड नसते. बैल गेले, ज्वारी घटली, कडबा घटला, शेण घटले. हे आळसाने झालेले नाही, तोट्याच्या शेतीने झाले आहे. जमीन सांभाळायची कुवत भावातून येते. जमीनच गेली तर उद्या भाव मिळूनही पिकवायचे कशात?

तेव्हा या बैठकीतून प्रत्येक गावाने तीन कामे घेऊन जावे. पऱ्हाटीचे तुकडे करणारे एक यंत्र गटाने मिळून भाड्याने आणायचे. जानेवारीत निदान दहा टाक्या भरायच्या. आणि खताची मजुरी, पाणी, वाहतूक पै-पैने वहीत लिहून जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला आणायची. भावाची मागणी त्या वह्यांच्या आधाराने करू.